पडला का?

आखाड भरात आला. कालपासून आमच्या परसातल्या पत्र्यावरचे दगड आपापसात बोलायला लागलेत. उंब्रजला हा वारा पोचतो तेव्हा तो निम्मा दमलेला असतो; कोकणातून घाट चढून आलेला, पाटणच्या डोंगरांना धडकून धडकून खांदे सोलवटलेला. तरी काल सकाळी त्यानं माझी टोपी उचलली, हायवे ओलांडून नेली, आणि दुपारी मसूरच्या बाजारात ती कुणाच्यातरी डोक्यावर बघितल्याचं मला दोघांनी येऊन सांगितलं. मी आणायला गेलो नाही. पूर्वीचा मी असतो तर गेलो असतो, टोपी घेऊन, वर चहा पिऊन, त्या माणसाच्या पुतण्याची सोयरीक जुळवून आलो असतो. आता वारा सुटला की नुसतं दमल्यासारखं होतं. आणि नाकात, काही कारण नसताना, अमोनियाची सुई टोचते.

तो वास ज्यानं घेतलाय त्याला सांगावा लागत नाही. ज्यानं घेतला नाही त्यानं एवढंच समजावं, की पावसाळ्यात दार लावून ठेवलेल्या गोठ्यातली हवा शंभर वेळा आटवली तर त्याच्या वेशीपर्यंत पोचता येईल. मी त्या वासात चौतीस वर्षं काढली. घरी आलो की बायकोचं, आमच्या सुमनचं, चोंदलेलं नाक मोकळं व्हायचं. शेजारच्या बायका सर्दी झालेली पोरं माझ्याजवळ आणून बसवायच्या.

पण आखाडाचा वारा आणि अमोनिया यांची गाठ पडली ती गेल्या वर्षी. माण-खटावच्या अंगाला, जिथं सातारा जिल्हा सांगलीला खांदा लावून उभा आहे, तिथल्या एका पठारावर. वारा काय असतो ते मला तिथं कळलं. खालच्या वाडीत कोंबडी अंडं घालायची आणि ते सापडायचं विट्याला. चहा कपात ओतला की तो आडवा जायचा, शेजारी उभा असेल त्यानं प्यावा. माझी मिशी आठ दिवसांत डावीकडं वळली, ती न्हाव्यानं दोनदा हात टेकूनही अजून सरळ नाही. ढग डोक्यावरून असे पळायचे की जणू त्यांना पुढं कुठंतरी लग्नाला गाठायचंय आणि मुहूर्त टळत चाललाय. एकही थांबायचा नाही. खाली बाजरी वाट बघत उभी.

त्या पठारावर तीन पंखे होते. पवनचक्की हा शब्द पुस्तकात. तिथं सगळे पंखेच म्हणतात. पंख्यांच्या पायाशी एक शेड, आणि शेडमध्ये खेळण्याएवढा अमोनियाचा कारखाना. माझ्या जुन्या कारखान्याच्या कँटीनमध्ये मावला असता.

जुना कारखाना समुद्रकाठी. अमोनिया म्हणजे युरियाची आई. हवेतला नायट्रोजन घ्यायचा, त्याचं हायड्रोजनशी लग्न लावायचं, मोठ्या दाबाखाली, तापलेल्या भट्टीत, लोखंडाच्या चुऱ्यावरून. नवरा हवेत फुकट मिळतो. नवरी मात्र आणावी लागते, आणि ती जग नैसर्गिक वायूतून आणतं. वायूतला हायड्रोजन आपण ठेवून घेतो आणि मागं उरलेला कार्बन हवेला देऊन टाकतो. काही युरियात घालून शेतापर्यंत पोचवतो, पण तिथं मातीत पडल्यावर तोही सुटतो. एक टन अमोनिया केला की त्याच्यामागं एक टनाहून जास्त कार्बन डायऑक्साइड निघतो. गावाकडची माणसं भेटायला आली की टॉवरवरचा पांढरा लोट बघून म्हणायची, "लय धूर सोडताय वो!" मी हसायचो. तो धूर नव्हता, पाण्याची वाफ होती. आम्ही जे खरं सोडत होतो ते दिसतच नव्हतं. आमच्या उसाची उंची सांगताना मी नेहमी दोन हात वर लावतो. त्या न दिसणाऱ्या ढिगाची उंची सांगताना मला कधी काही लावावं लागलं नाही.

निवृत्त होऊन उंब्रजला आलो तेव्हा हे सगळं मागं टाकलं असं मी धरून चाललो होतो. तर एक दिवस दारात शबाना अत्तार उभी. मिरजेची, तिशीची, केमिकल इंजिनिअर. तिचे वडील तासगावला बेदाण्याच्या शीतगृहात मशीनवर असतात, आणि तिथली थंडी अमोनियावरच तयार होते. त्यामुळं हा वास तिला घुटीबरोबर मिळालेला. पठारावरचा छोटा प्लांट तिचा. पंख्यांच्या विजेनं पाणी फोडून हायड्रोजन काढायचा, म्हणजे वायू नको आणि कार्बनही नको.

"काका, मशीन मला कळतं," ती म्हणाली. "पण मशीन बिघडायच्या आधी ज्याला कळतं असा माणूस पायजे. एकवीस दिवसांची चाचणी हाय. नुसत्या वाऱ्यावर."

"अगं, आमच्यात एखाद्याचं वाटोळं करायचं असलं की त्याला वाऱ्यावर सोडतात."

"व्हय काका. तसाच सोडायचाय प्लांट."

सुमन आतून ओरडली, "न्या गं बाई त्यास्नी! कारखान्याच्या थापा ऐकून आमच्या भिंतीला पोपडं आल्यात."

शबानाची तीन वर्षं त्यात गेली होती. एकवीस दिवस नीट निघाले तर ती ज्या कंपनीत होती ती मोठा प्लांट उभा करणार होती, तिच्या वडिलांच्या मशीनसारख्या मशीनना तिथला अमोनिया जाणार होता. नाही निघाले तर शेड उचलून भंगारात. आणि आखाड-श्रावणाचा वारा सरला की त्या वर्षाला दुसरा वारा नाही.

अट एकच होती. शेडमध्ये बाहेरच्या तारेचीही वीज होती, पण ती दिवे आणि आगीचा पंप यांच्यापुरती. ती प्लांटला लावायची नाही, कारण त्या तारेच्या दुसऱ्या टोकाला कुठंतरी कोळसा जळत असतो. वारा कमी झाला तर प्लांट हळू करा. गेला तर थांबवा. आला की परत चालू करा. थांबायला मुभा होती. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, म्हणजे पुढं जे झालं त्यात मला लपायला जागा राहू नये.

वाडीतला धोंडिबा तात्या रोज शेडवर यायचा. फौजेतून परतलेला, सत्तरीचा, दहा-बारा मेंढरांचा मालक. चालणं अजून परेडचं. पहिल्या दिवशी आला तो सरळ मुद्द्यावर.

"पाणी फोडताय म्हनं?"

"व्हय तात्या."

"कुनाच्या शेतात?"

त्याचंही बरोबर. त्याच्या उभ्या जन्मात पाणी फोडायचं ते पाटाचं, वाफ्यात. मी सांगितलं, शेतात नाही, पाणीच फोडतो; आतला हायड्रोजन घेतो, उरला ऑक्सिजन तो हवेत सोडतो.

"म्हंजी हितं मेंढराला प्यायला न्हाई आन् तुमी पानी हवेत सोडताय."

"तुमचं न्हवं तात्या. खालनं टँकरनं आनलेलं. रोजच्या आठ-दहा घागरी."

"आठ-धा घागरीत माजी बायको आटवडा काडायची," तो म्हणाला, आणि मग गुपचूप बसून माझी तंबाखू मळायला घेतली.  

त्याचा खरा राग पंख्यांवर होता. सगळ्या वाडीचाच होता. पंखे ढग हाकलतात, असं तिथं लहान पोरगंसुद्धा सांगतं. मी माझी सगळी विद्या पणाला लावली. "तात्या, घरातला पंखा वारा घालतो. ह्यो वारा खातो. उलटा कारभार."

"खातो?"

"खातो."

"मंग ढगामागचा वारा हेनं खाल्ला तर ढग चालंल कसा?"

"न्हाई चालला तर थांबंल! थांबला तर पडंल! तुमचा फायदाच की."

तात्या बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "मंग पडला का?"

हा शब्द त्या हंगामात माझ्या मानगुटीवर बसला. पठाराखाली कुणी कुणाला भेटलं की रामराम नाही, बरं हाय का नाही; "पडला का?" पाऊस हा शब्द कुणी लावत नाही, लावायची गरज नाही, त्या मुलखात दुसरं काही पडायची वाट कुणी बघत नाही. आणि माझ्या धंद्यात प्लांट बंद झाला असं कुणी म्हणत नाही. प्लांट 'पडला' म्हणतात. मोठा प्लांट पडला की आभाळ पडतं. भट्टी निवते, वायू जाळून टाकावा लागतो, सगळं परत मार्गी लागेपर्यंत माणसं उभ्या उभ्या झोपतात. माझ्या पाळीत एकदा पडला तेव्हा मी तीन दिवस जेवलो नाही, आणि चौथ्या दिवशी जेवलो ते उभ्यानं. तेव्हा सकाळी शेडच्या दारात तात्या येऊन आनंदानं विचारायचा, "पडला का?" आणि मी दाबाच्या काट्याकडं धाव घ्यायचो. "शुभ बोला की तात्या!" मी ओरडायचो. "शुभच इचारतोय न्हवं," तो म्हणायचा. शबाना हसून हसून खाली बसायची.

दिवस जात होते. वाऱ्याबरोबर प्लांट चढवायचा, वाऱ्याबरोबर उतरवायचा. ती माझ्यासारख्याला शिक्षाच. चौतीस वर्षं मी काटा एका जागी धरून ठेवला होता. आता काटा झोपाळ्यावर. कॉम्प्रेसरचा आवाज चढला की माझी छाती चढायची, उतरला की उतरायची. बाहेर पंख्यांची घूं घूं, पत्र्यावर वाळूचा मारा, मेंढरांच्या लोकरीचा वास, आणि मधेच सील बदलताना अमोनियाची बारीकशी चुणूक. शबाना डब्यातून आईच्या हातचा खिमा आणायची. आखाडात त्याचा मान राखलाच पाहिजे म्हणून मी तिचा डबाही राखत नसे. तात्या भाकरी आणायचा. तिघं भिंतीच्या आडोशाला बसून खायचो, वाऱ्यानं निम्मा घास नेलेला.

अठराव्या दिवशी शबाना एका व्हॉल्व्हसाठी शिरवळला गेली. दुपारी चारच्या सुमाराला वारा गेला. कमी झाला नाही, गेला. अठरा दिवस कानावर बसलेली घूं घूं एकदम उठून गेली आणि मला वाटलं मी बहिरा झालो. अडीनडीला ठेवलेला टाकीतला हायड्रोजन आणि बॅटरीतली वीज सकाळच्या मंद वाऱ्यातच तळाला गेली होती. काटा उतरायला लागला. कॉम्प्रेसर धापा टाकायला लागला. काय करायचं ते समोर भिंतीवर शबानाच्या अक्षरात लिहिलेलं होतं: प्लांट सावकाश उतरवा, भट्टी झाका, थांबा. मी ते वाचलं. शपथेवर सांगतो, वाचलं. आणि माझ्या उजव्या हातानं जाऊन बाहेरच्या तारेचा स्विच प्लांटला लावला.

मी ठरवलं नाही. हात गेला. पोर पाळण्यातून घसरताना आईचा जातो तसा.

काटा थांबला. कॉम्प्रेसर सुरात आला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू, आणि त्याच वेळी पत्र्यावर टप टप असं काहीतरी वाजलं, मग तडतड, मग सगळं शेड ढोलासारखं. दारातून डोक्यावर पोत्याची खोळ घेतलेला तात्या आत आला, चिंब, दोन्ही हात वर.

"पडला! पडला की वो सायेब!"

"न्हाई पडला!" मी ओरडलो. "पडू दिला न्हाई मी!"

"आवं बाहीर तर बगा! पंखं थांबलं आन् ढग थांबलं! बराबर तुमी सांगितलं तसं!"

तात्या पावसात जाऊन परेड करत होता आणि मी स्विचवर हात ठेवून उभा होतो. अकरा मिनिटं. मग वारा परत आला, पाऊस घेऊन गेला, पंखे फिरले, आणि मी बाहेरची तार काढली. कुणी बघितलं नव्हतं. तात्यानं बघितलं होतं ते आभाळ.

राहिलं लॉगबुक. दर तासाला काय झालं ते लिहायची वही. बाहेरच्या तारेच्या मीटरवर ती अकरा मिनिटं उमटली होती; 'आगीचा पंप चालवून बघितला' एवढं लिहिलं असतं तर भागलं असतं. पंप चालवून बघायचाच असतो. शबानाचे तीन दिवस उरले होते. मी पेन हातात घेऊन बसलो. पारावर बोलायला मी मोकळा माणूस आहे. मी सांगितलेल्या मगरी कृष्णेत मावणार नाहीत. पण लॉगबुक वाचून पुढचा माणूस व्हॉल्व्ह उघडतो. तिथं फेकलेला आकडा उद्या कुणाच्यातरी तोंडावर वाफ होऊन येतो. मी लिहिलं: 'चार दहा ते चार एकवीस. वारा नाही. बाहेरची लाईन प्लांटला लावली. गरज नव्हती. सवय.' खाली सही.

शबाना संध्याकाळी आली, वही वाचली. परत वाचली. बाहेर जाऊन पंख्याच्या खांबाला टेकून उभी राहिली. मी चहा केला, तो निवला. आत आली तेव्हा डोळे लाल होते, आवाज साधा.

"काका, ही 'सवय' मी कंपनीला इंग्रजीत कशी कळवू?"

 तिनं माझ्या सहीखाली सही केली आणि नवीन पान उलटून वर लिहिलं: दिवस पहिला. रागावली असती तर बरं झालं असतं. पण त्या मोजणीचा नववा दिवस उजाडला आणि वाऱ्याचा हंगामच सरला. पंखे देवळातल्या समयांसारखे उभे राहिले. कंपनीनं महिनाभर उचलू-ठेवू केलं आणि शेवटी आणखी एक हंगाम दिला. एकच.

यंदा ती बोलवायला आली होती. मी नाही म्हटलं. "तुला माझं डोकं हवंय," म्हटलं, "पण ते आलं की हात बरोबर येतो."

वर्षभर मी त्या अकरा मिनिटांकडं बघतोय. चौतीस वर्षांत जे हवेत ठेवलं त्यापुढं ती अकरा मिनिटं म्हणजे डोंगराशेजारी काडेपेटीतली काडी. डोंगराची मला कधी लाज वाटली नाही. तो सगळ्यांनी मिळून केला, त्यावर घरं चालली, त्यातून निघालेला युरिया आजही माझ्या उसाला जातो आणि मी जाऊ देतो. काडीची वाटते. कारण ती पेटवताना समोरच्या भिंतीवर सगळं लिहिलेलं होतं. यंत्र शिकतं, त्या खेळण्याएवढ्या प्लांटनं अठरा दिवसांत वाऱ्याबरोबर चढणं-उतरणं शिकून घेतलं. माणसाचा हात शिकत नाही. तो जुन्या स्विचकडं जातो, आणि आपण त्याच्यामागं उभे राहून म्हणतो, जाऊ दे, थोडाच वेळ. दमायला होतं ते यानं.

आज दुपारी मी परसात पत्र्यावर आणखी एक दगड चढवत होतो तेव्हा फोन वाजला. शबाना.

"काका, वारा गेला."

मागं कॉम्प्रेसर ऐकू येत होता. धापा टाकणारा. तो आवाज मी झोपेतही ओळखीन.

"कितवा दिवस?"

"एकोणिसावा. टाकी तळाला हाय. आन् उद्या मुंबईचे साहेब बघायला येतायत. त्यांना बंद प्लांट दाखवू काका? स्विच समोर हाय माझ्या."

आमच्याकडं वारा भरपूर होता. पोत्यात भरून एसटीनं पाठवता आला असता तर दहा पोती पाठवली असती. माझा उजवा हात दगड सोडून हवेत वर गेलेला मी बघितला, जिथं त्या शेडमध्ये स्विच आहे त्याच उंचीला.

"शबाना, हात खिशात घाल."

"ड्रेसला खिसा न्हाई काका."

"मग पाठीमागं बांध. भट्टी झाक. आणि पडू दे."

हे दोन शब्द मी उभ्या नोकरीत कधी उच्चारले नव्हते.  फोन कुठंतरी ठेवल्याचा आवाज आला, मग तिच्या चपलांचा, व्हॉल्व्ह फिरल्याचा. मी परसात उभा राहून ऐकत होतो. कॉम्प्रेसरचा सूर उतरला, आणखी उतरला, एक एक ठोका वेगळा ऐकू यायला लागला, जसा खूप चढ चढून आलेल्या माणसाचा श्वास हळूहळू जागेवर येतो. शेवटचा ठोका. मग काही नाही. लांबून एक मेंढरू ओरडलं.

"शबाना?"

"हाय काका." ती फोनपाशी आली होती. "भट्टी गरम हाय. वारा आला की लागंल." मग जरा थांबून, माझीच समजूत काढल्यासारखं म्हणाली, "पडला न्हाई काका. नुसता बसलाय."

फोन ठेवला.  परसात उरलेल्या दगडांचा ढीग होता, त्यावर मीही बसलो.